जहाजाची फळी आणि रानाचा धनी

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याला समुद्र नाहीं. गोदावरीवरील नावा आणि नाथसागराच्या जलाशयांत मासे धरणाऱ्यांच्या होड्या, एवढाच काय तो येथील माणसाचा जलयानाशीं संबंध. असें असूनहि प्राचीन भारतीय जहाजाचें जें चित्र नौकाशास्त्राच्या अभ्यासकांनीं पुनःपुन्हां न्याहाळलें आहे, तें याच जिल्ह्यांत, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळीं किंवा त्यानंतर लवकरच, कोणा अनाम चित्रकारानें हें जहाज भिंतीवर उतरविलें असावें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. जहाजाला तीन डोलकाठ्या असून त्यांवर उभट शिडें ताणलेलीं आहेत. नाळेवर डोळा रंगविलेला आहे. मागच्या अंगाला वल्ह्यासारखीं सुकाणें आहेत. आणि तुतकावर रांजणांची ओळ मांडलेली आहे. तूतक म्हणजे जहाजाची वरची जमीन. हल्लीं तिला सर्वत्र डेक म्हणतात. पण आपल्या खलाशांच्या तोंडीं तूतक हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या होता.

चित्रांतील कथा ‘दिव्यावदान’ या ग्रंथांतील पूर्णाची आहे. पूर्ण हा शूर्पारक नगरीचा, म्हणजे हल्लींच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. तो पुढें बुद्धाचा शिष्य झाला. त्याचा वडील भाऊ व्यापारासाठीं समुद्रावर गेला असतां त्याचें जहाज गोशीर्ष चंदनाच्या रानापाशीं लागलें. व्यापारी उतरले आणि पांचशें कुऱ्हाडी एकदम चालूं लागल्या. परंतु तें रान बेवारशी नव्हतें. महेश्वर नांवाचा यक्ष त्याचा धनी होता. आपल्या रानावर कुऱ्हाड पडल्याची वार्ता कानीं येतांच तो खवळला आणि त्यानें असा झंझावात उठविला कीं, जहाजावरील सर्व मंडळींनीं जगण्याची आशा सोडली. भावानें पूर्णाचा धांवा केला, पूर्णानें येऊन त्यांस वांचविलें, आणि पुढें त्याच चंदनाचा शूर्पारकास विहार उभा राहिला.

कथा चमत्काराची खरी. पण नौकेच्या इतिहासाचें सारें मर्म तींत सांठविलेलें आहे. जहाज लाकडाचें, लाकूड रानाचें आणि रानाला कोणी ना कोणी धनी असतो. म्हणून जहाजाचें तूतक बांधावयाचें, किंवा जुनें काढून नवें घालावयाचें, म्हटलें कीं दोन प्रश्न उभे राहतात. कोणत्या लाकडाची फळी समुद्रावर टिकेल, हा पहिला. तो सुताराचा प्रश्न होय. ती फळी कोणाच्या झाडाची, हा दुसरा. तो राज्यकर्त्याचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें शतकाशतकाला बदलत गेलीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र जेथें चुकलें तेथें पहिल्याचेंहि उत्तर फार काळ टिकलें नाहीं.

आधीं सुताराचा प्रश्न घ्यावा. जहाजाच्या सर्व अवयवांना एकच लाकूड चालत नाहीं. पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या सदैव खाऱ्या पाण्यांत असतात. तेथें मुख्य भीति लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्याची. तुतकाचें दुखणें निराळें. त्याचा खरा शत्रु समुद्राचें पाणी नसून पावसाचें गोडें पाणी होय. खाऱ्या पाण्यांत कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाहीं. गोडें पाणी मात्र सांध्यांत मुरलें कीं तेथें बुरशीचें बीं रुजतें आणि फळी आंतून भुसभुशीत होते. तुतकावर रोज समुद्राचें पाणी ओतून तें घासण्याची जुन्या नाविकांची चाल केवळ स्वच्छतेसाठीं नव्हती. शिवाय दिवसभर ऊन, रात्रीं दंव, चार महिने पाऊस आणि वर माणसांची व मालाची ये-जा, हें सारें त्याच फळ्यांनीं सोसावयाचें.

लाकूड भिजलें कीं फुगतें आणि वाळलें कीं आकसतें, हें घरच्या दारावरूनहि सर्वांना ठाऊक असतें. परंतु तें सर्व दिशांनीं सारखें हलत नाहीं. फळीच्या लांबींत फरक जवळजवळ पडतच नाहीं. पडतो तो रुंदींत. त्यांतहि खोडाच्या वर्तुळाकार वलयांच्या दिशेनें लाकूड जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें आकसतें. म्हणून तुतकाची फळी चिरतांना जाणता सुतार ओंडका असा फिरवितो कीं, वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला उभ्या याव्यात. अशी फळी कमी हलते, सारखी झिजते आणि तिचे पापुद्रे सुटत नाहींत. या पद्धतीनें ओंडक्यांतून फळ्या थोड्या निघतात व त्या महाग पडतात. फळ्या अरुंद ठेवून त्यांच्यामधील सांध्यांत ताग किंवा कापूस ठोकावयाचा आणि वरून राळ किंवा डांबर ओतावयाचें, हा त्याच विद्येचा पुढचा भाग. लाकूड हलणारच; तें हललें तरी पाणी आंत जाऊं नये एवढी सोय माणसानें करावयाची.

लाकडाची पारख करण्याचें हें शास्त्र आपल्याकडे ग्रंथबद्धहि झालेलें होतें. अकराव्या शतकांतील भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांत लाकडाच्या चार जाति सांगितल्या आहेत आणि त्यांना चातुर्वर्ण्याचीं नांवें दिलीं आहेत. नांवें बाजूला सारलीं तर वर्गीकरण दोन गुणांवर उभें आहे: लाकूड हलकें कीं जड, आणि मऊ कीं कठीण. हलकें व कठीण लाकूड जहाजाला उत्तम, आणि दोन भिन्न जातींचीं लाकडें एकत्र जोडूं नयेत, असा ग्रंथकाराचा अभिप्राय आहे. वजनाच्या मानानें बळकटी किती, हाच आजच्या अभियंत्याचाहि प्रश्न असतो. आणि दोन निराळ्या प्रमाणांत फुगणारीं लाकडें शेजारीं बसविलीं तर सांधा उघडतो, हें आजचा कोणताहि सुतार सांगेल. तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, समुद्रांतील चुंबकाचे खडक त्या ओढून घेतील, असेंहि त्या ग्रंथांत म्हटलें आहे. कारण काल्पनिक असलें तरी त्यामागील रीत खरी होती. पश्चिम समुद्रांतील पुष्कळ जहाजें खिळ्यांनीं ठोकलेलीं नसून काथ्याच्या दोरीनें शिवलेलीं असत.

या व्यापाराशीं आजच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याचा संबंध चित्रापुरताच नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखला जाणारा समुद्रप्रवासाचा मार्गदर्शक ग्रंथ रचला. त्यांत पैठणचें नांव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला येतात, असें तो लिहितो. त्याच भडोचहून इराणच्या आखातांतील बंदरांकडे मोठीं जहाजें जात आणि त्यांत तांब्याबरोबर सागवानाच्या तुळया, शिसवी व आबनुसाचे ओंडके भरलेले असत, हेंहि त्यानें नोंदविलें आहे. पैठणला राजधानी असलेल्या सातवाहनांपैकीं यज्ञश्री सातकर्णी या राजानें दुसऱ्या शतकांत दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचें चित्र आपल्या नाण्यांवर घातलें. समुद्रापासून दूर असलेल्या राजधानीला जहाजाचें महत्त्व किती वाटत होतें, याचा हा पुरावा होय.

आपलें सागवान किती टिकाऊ, याचा पुरावा मात्र आपल्या भूमींत न सांपडतां इजिप्तच्या वाळवंटांत सांपडला. तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके नांवाचें रोमन काळांतील बंदर होतें. 1994 सालापासून तेथें उत्खनन सुरू झालें, तेव्हां ज्या प्रदेशांत हें झाड उगवतच नाहीं तेथें सागवानाचे तुकडे विपुल मिळाले. त्यांतील कांहींवर जहाजबांधणीच्या सांध्यांच्या खुणा होत्या. मोडीत निघालेल्या जहाजांचें लाकूड लोकांनीं घरें बांधण्यास वापरलें होतें. जहाज गेलें, बंदर ओसाड झालें, साम्राज्य लयास गेलें. पण फळी सुमारें दोन हजार वर्षें राहिली.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळावें. त्याचें मराठींतील सर्वांत स्पष्ट उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आहे. इ. स. 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारीं लिहिल्या गेलेल्या या राजनीतीच्या ग्रंथांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या हव्यात, हें अमात्यांना पक्कें ठाऊक आहे. स्वराज्याच्या रानांत सागासारखीं जीं झाडें आहेत त्यांपैकीं लागतील तेवढीं हुजूरची परवानगी घेऊन तोडावींत आणि उणें पडेल तें परमुलुखांतून विकत आणावें, असें ते सांगतात. त्यापुढील आज्ञा अधिक विचार करण्यासारखी आहे. आंबा, फणस हीं झाडेंहि आरमाराच्या उपयोगाचीं आहेत. परंतु त्यांस हात लावूं देऊं नये. हीं झाडें वर्षा दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून लेकरांसारखीं बहुत काळ वाढविलेलीं असतात. तीं तोडलीं तर तिच्या दुःखाला पार राहणार नाहीं. एकाला दुःख देऊन केलेलें कार्य करणाऱ्यासह थोड्याच काळांत बुडतें, असा इशाराहि अमात्य देतात. एखादें झाड फारच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये.

ही आज्ञा दयेपोटीं आलेली आहे, तशीच ती हिशेबापोटींहि आलेली आहे. आंब्याचें खोड जाड आणि सहज मिळण्यासारखें. किनाऱ्यावरच्या होड्या त्याच्या कोरल्या जात. युद्धाच्या घाईंत आरमाराच्या कारखान्याचा अधिकारी दारांतील झाडावर नजर टाकणार, हें उघड आहे. पण सागाच्या तुलनेनें आंब्याची फळी पाऊस-पाण्यांत लवकर कुजते. म्हणजे वर्षें थोडीं टिकणाऱ्या तुतकासाठीं पिढ्यान्‌पिढ्या फळ देणारें झाड घालवावयाचें आणि वर रयतेचें मन गमवावयाचें. शत्रु समोर उभा असतांना तक्त्यांची निकड काय असते हें जाणणाऱ्या मुत्सद्द्यानें हा नियम घालून दिला, म्हणून त्याचें मोल अधिक.

याच्या उलट उदाहरण पुढल्याच शतकांत, त्याच पश्चिम किनाऱ्यावर घडलें. सुरतेहून 1736 सालीं मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत जहाजबांधणीची मोठी परंपरा निर्माण केली. तेव्हां इंग्लंडच्या आरमाराला ओक वृक्षाच्या लाकडाची टंचाई भासूं लागली होती. ‘व्हिक्टरी’ या एका युद्धनौकेला सुमारें 6,000 झाडें लागलीं, तींहि बहुतेक ओकाचीं. घाईनें, नीट न वाळवितां वापरलेल्या लाकडाचे परिणामहि दिसूं लागले होते. 1810 सालीं पाण्यांत उतरविलेली ‘क्वीन शार्लट’ ही भली थोरली युद्धनौका समुद्रावर कामगिरीस जाण्यापूर्वींच कुजीनें पोखरली गेली. ओकांत आणखी एक दोष असा कीं, त्यांतील आम्लानें लोखंडी खिळे गंजतात. सागवानांत उलट तेल असतें. तें लोखंडालाहि जपतें आणि लाकडालाहि. म्हणून 1810 सालीं मुंबईंत बांधलेली ‘मिंडेन’ इंग्लंडच्या आरमारांत दाखल झाली आणि तिच्यामागून इतर गेल्या. त्यांपैकीं ‘कॉर्नवॉलिस’ या 1813 सालच्या जहाजावर 1842 सालीं चीनशीं नानकिंगचा तह झाला. 1815 सालचें ‘वेलस्ली’ हें जहाज तर 1940 सालीं जर्मन बाँबहल्ल्यांत जखमी होईपर्यंत टेम्स नदींत तरंगत होतें. आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेली, 12 ऑक्टोबर 1817 रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट 1990 पासून 2001 पर्यंत चाललेल्या दुरुस्तीनंतर इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरांत आजहि तरंगत आहे.

मुंबईच्या गोदीचें हें वैभव ज्या सागवानावर उभें होतें तें मुख्यतः मलबारच्या रानांतलें होतें. तें अखंड मिळावें म्हणून 1806 सालीं कंपनी सरकारनें कॅप्टन वॉटसन यास वनरक्षक नेमलें आणि सागवानावर सरकारी मक्ता बसविला. रानाच्या खासगी मालकांना स्वतःच्याच झाडांवर हक्क उरला नाहीं. आज्ञापत्रांतील नियम नेमका उलटा झाला. धन्याचा संतोष नाहीं, वाजवी मोल नाहीं, आणि सक्ति मात्र आहे. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं, 1823 च्या सुमारास मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्‍रो यांना हा मक्ता आणि वनरक्षकाची जागा दोन्ही मोडावीं लागलीं. पण मक्ता उठला तरी रान भरून आलें नाहीं. मालकांना मोकळीक मिळतांच व्यापाऱ्यांच्या कुऱ्हाडी चालल्या; कारण जें झाड उद्यां पुन्हां सरकार नेईल असें भय वाटतें, तें राखून ठेवण्यांत कोणाला शहाणपणा दिसत नाहीं. अखेर 1840 नंतरच्या दशकांत मलबारचा कलेक्टर कॉनोली याला निलांबूर येथें सागाची लागवड नव्यानें करावी लागली. साग पुरता वाढण्यास माणसाचें सारें आयुष्य पुरत नाहीं. तोडणारानें एका पिढींत तोडलें. लावणाराला फळ पाहण्यास तीन पिढ्या थांबावयाचें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जहाजाचें अंग लोखंडाचें व पोलादाचें झालें. तरीहि तूतक लांकडीच राहिलें. पोलादी पत्रा उन्हांत तापतो, ओला झाला कीं निसरडा होतो आणि त्याखालील खोल्यांत भट्टीसारखी उष्णता होते. म्हणून त्यावर सागवानी फळ्या अंथरीत. 2 सप्टेंबर 1945 रोजीं टोकियोच्या उपसागरांत ज्या ‘मिसुरी’ नांवाच्या अमेरिकन युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, तिचेंहि तूतक सागवानीच होतें.

ज्यांना एवढें सागवान परवडेना, त्यांच्या मदतीला विसाव्या शतकांत एक नवी वस्तु आली. ती म्हणजे प्लायवुड. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलून, एकाच्या धाग्यांवर दुसऱ्याचे धागे आडवे येतील असे ते रचून चिकटविण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेंत जॉन मेयो यास 1865 सालीं तिचें पेटंटहि मिळालें होतें. गंमत अशी कीं, वर सांगितलेली लाकडाची खोड येथें लाकडाकडूनच मोडून घेतलेली आहे. लाकूड रुंदींत हलतें, लांबींत हलत नाहीं. तेव्हां प्रत्येक पापुद्र्याचा हलका पदर शेजारच्या पापुद्र्याच्या अचल पदरानें धरून ठेवावयाचा. असा तक्ता फुगत नाहीं, चिरत नाहीं आणि रुंदहि मिळतो. अडचण होती ती सरसाची. पाणी लागलें कीं सरस विरघळे आणि तक्त्याचीं पानें सुटत. 1934 सालीं अमेरिकेंतील जेम्स नेव्हिन या रसायनज्ञानें पाण्याला दाद न देणारा डिंक तयार केला आणि प्लायवुडाला समुद्राचा रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या महायुद्धांत प्लायवुडाच्या होड्या झाल्या, इतकेंच नव्हे तर ‘मॉस्किटो’सारखीं लढाऊ विमानेंहि झालीं.

आपल्या देशांत हा धंदा प्रथम आसामांत, चहाच्या खोक्यांच्या निमित्तानें वाढला. पुढें भारतीय मानक संस्थेनें नौकांसाठीं लागणाऱ्या प्लायवुडाचें स्वतंत्र मानक ठरविलें, तें आय. एस. 710 या क्रमांकानें ओळखलें जातें. या मानकाच्या कसोटींत तक्त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यांत ठेवतात आणि तरीहि त्याचे सांधे सुटतां कामा नयेत. होडीचें जुनें तूतक काढून नवें घालणारानें येथें एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. दुकानांत ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा प्रत्येक तक्ता नौकेच्या उपयोगाचा नसतो. ‘वॉटरप्रूफ’ असतो तो डिंक, लाकूड नव्हे. आंतील पापुद्रे मऊ, न टिकणाऱ्या जातीच्या झाडाचे असतील, त्यांत पोकळ्या राहिल्या असतील, किंवा त्यांना बुरशीरोधक औषध दिलेलें नसेल, तर डिंक जसाच्या तसा राहून लाकूडच कुजतें. पाणी शिरतें तें बहुधा तक्त्याच्या कडेनें आणि खिळ्यांच्या भोंकांतून. घन फळी कुजूं लागली तर ती काळी पडून आधीं सूचना देते. प्लायवुड वरून धडधाकट दिसतें आणि पाय ठेवल्यावरच कळतें. म्हणून त्याच्या कडा आणि भोंकें आधीं रेझिननें बुजवून वर कांचतंतूंचें अस्तर चढवितात. मग हवी तर त्यावर सागाची पातळ फळी बसवितात.

सुताराचा प्रश्न असा सुटला. पण धन्याचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. प्लायवुडाचे पापुद्रे सोलण्यासाठीं जाड व सरळ खोडें हवींत, आणि अशीं खोडें सदाहरित रानांतच होतीं. ईशान्य भारतांतील डोंगर उघडे पडूं लागले. 12 डिसेंबर 1996 रोजीं गोदावर्मन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तोडीवर कडक निर्बंध घातले आणि त्या प्रदेशांतील अनेक करवती व प्लायवुडाचे कारखाने बंद पडले. हजारों मजुरांची रोजी गेली, हें विसरतां येत नाहीं. तथापि त्या धक्क्यानंतर धंद्यानें जो रस्ता धरला तो लक्षांत घेण्यासारखा आहे. हरियाणांतील यमुनानगरच्या परिसरांत शेतकऱ्यांनीं बांधावर व शेतांत लावलेले पॉप्लर आणि निलगिरी विकत घेऊन त्यांचे तक्ते होऊं लागले. झाड लावणारा शेतकरी, त्याला मोल देऊन त्याच्या संतोषानें तोडणारा कारखानदार. आज्ञापत्राची अट जवळजवळ अक्षरशः पुरी झाली. उणीव एवढीच कीं, पॉप्लर हें झाड थोड्या वर्षांत हातीं येतें, पण त्याचें लाकूड मऊ असतें. घरांतील कपाटाला तें पुरतें. समुद्रावरच्या तुतकाला त्याहून कठीण व टिकाऊ जातीचें लाकूडच लागतें.

आणि तें कठीण लाकूड आतां सहज मिळत नाहीं. श्रीमंतांच्या क्रीडानौकांवर ज्या सागवानाची मिरास चालत आली तें मुख्यतः ब्रह्मदेशचें. त्या देशानें 2014 पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. 2021 सालच्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेनें व युरोपीय संघानें निर्बंध लादले. कारण त्या सागवानाचा पैसा कोणाच्या हातीं जातो, हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नव्हता. यक्षाचें रूप पालटलें, पण रानाचा धनी कोण, याची विचारणा सुटली नाहीं. ‘व्हिक्टरी’ची कथाहि याच सुरांत बसते. विसाव्या शतकांतील दुरुस्त्यांत तिला साग आणि आफ्रिकेंतील इरोको या लाकडाच्या फळ्या बसविण्यांत आल्या होत्या. 2022 सालीं सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तींत पुन्हां युरोपांतील लागवडीच्या ओकाकडे वळण्यांत आलें. ज्या टंचाईपायीं एकेकाळीं इंग्लंडला मलबारचीं रानें हवीं झालीं, ती टंचाई दोन शतकें राखलेल्या वृक्षांनीं अंशतः तरी भरून काढली.

इकडे अजिंठ्याच्या जहाजालाहि पुनर्जन्म लाभला आहे. 2023 च्या जुलैमध्यें केंद्रीय संस्कृति मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यांतील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यांत करार झाला आणि त्या चित्रावरून खरें जहाज बांधण्याचें ठरलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पठाण घालण्यांत आला. केरळांतील कारागिरांनीं, बाबू शंकरन् यांच्या देखरेखीखालीं, फळ्या खिळ्यांनीं न ठोकतां काथ्याच्या दोरीनें शिवल्या. जुने नकाशे नव्हते. भिंतीवरच्या एका बाजूच्या चित्रावरून सारें अनुमान करावयाचें होतें. मद्रास येथील आय. आय. टी. च्या सागरी अभियांत्रिकी विभागानें तिच्या प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा केली. सुमारें वीस मीटर लांबीचें हें जहाज 2025 च्या फेब्रुवारींत पाण्यांत उतरलें. 21 मे 2025 रोजीं कारवार येथें ‘कौंडिण्य’ या नांवानें नौदलांत दाखल झालें. 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघालें आणि 14 जानेवारी 2026 रोजीं मस्कतला पोंचलें. पेरिप्लसकारानें ज्या समुद्रावरून सागवानाचीं जहाजें गेल्याचें लिहिलें, तोच हा समुद्र होय.

अजिंठ्याच्या चित्रकाराला जहाजाचा आकार ठाऊक होता. त्याची फळी कोणत्या झाडाची हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि रंगांतून तें सांगतांहि आलें नसतें. तें ज्ञान कारागिराच्या हातांत आणि रानाच्या राखणींत राहतें. शिवण्याची कला केरळांतील थोड्या घराण्यांत उरली होती म्हणून ‘कौंडिण्य’ बांधतां आलें. रान उरलें नसतें तर ती कला असूनहि कांहीं झालें नसतें. होडीचें तूतक नवें करूं पाहणारा माणूस आज तक्त्याच्या जाडीची, डिंकाची आणि किंमतीची चौकशी करितो. ती केलीच पाहिजे. त्याबरोबरच त्या लाकडाचा उगम विचारण्याची संवय लागली, तर अमात्यांनीं सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं घालून दिलेली अट पाळल्यासारखें होईल, आणि पुढील पिढीच्या सुतारालाहि निवडण्यासाठीं कांहीं लाकूड शिल्लक राहील.